मदत हवी आहे: पावसाळ्यात ॲव्हरेज पडलं, दोष ऑल व्हील ड्राइव्हच्या मोडचा की पांदणीचा?

शिवारवाला

नमस्कार मंडळी. गाड्यांतल्या जाणकारांनी जरा लक्ष घालावं.

मुक्काम अंबाजोगाई. गाडी दीड लिटर पेट्रोल, मॅन्युअल, ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्ही, २०२३ची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की 'ती कशाला घेतली, ही घ्यायची होती' सुरू होतं आणि प्रश्न राहतो बाजूला. गिअरच्या मागे गोल नॉब आहे, त्यावर ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक. बालाघाटात बर्फ कधी पडायचा तो पडो, सोय करून ठेवली आहे.

गाडीला दोनच कामं. एक म्हणजे केज, मांजरसुंबा, बीड करत संभाजीनगर. तिथं १६-१७ मिळतं, तक्रार नाही. दुसरं काम शेताचं. डांबरी सोडली की पांदण, आणि पांदण संपली की आखाड्यापर्यंत नुसती चाकोरी. उन्हाळ्यात गावातल्या गावात आणि शेताला धरून १३ देत होती. पाऊस लागला तशी ११ वर आली, आता स्क्रीनवर १० दिसतंय.

धाकटा भाऊ पावसाळाभर नॉब लॉकवरून हलवत नाही. चारही चाकं ओढतात म्हणजे इंजिनाला जोर कमी लागतो, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं चारही चाकं फिरवायची तर पेट्रोल जास्तच जाणार. आमच्या काकांचं तिसरंच: फोर बाय फोर घेतली तेव्हाच पेट्रोल गेलं, आता नॉब कुठंही फिरवा.

तर लॉकनं खरंच किती फरक पडतो? डांबरीवर ऑटो ठेवलं तर मागची चाकं फुकट पेट्रोल खातात का? आणि भाऊ आता स्वतःसाठी २एच-४एच-४एल लिव्हरवाली डिझेल बघतोय. तिचं गणित वेगळं असतं का?

बाकी माहिती: सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. गेल्या महिन्यात पुढचे दोन टायर नवीन टाकले, मागचे जुनेच आहेत. टपावर कॅरिअर. एसी कायम चालू.

परभणीकर

ई-२० पेट्रोल. विषय संपला. इथं सगळ्यांच्याच गाड्यांचं ॲव्हरेज पडलंय.

गिअरबॉक्स

परभणीकर, इथॅनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिसळलं की थोडी घट येणारच. पण यांनी उन्हाळ्यातही तेच पेट्रोल भरलंय आणि पावसाळ्यातही तेच. तेव्हा १३ चं १० कसं झालं, याचं उत्तर त्यात नाही.

शिवारवाला, आधी काकांचं. ते निम्मे बरोबर आहेत. ग्रँड व्हिटाराचे कंपनीनं दिलेले आकडे बघा. तेच दीड लिटर इंजिन, मॅन्युअल गिअर. टू व्हील ड्राइव्हला लिटरला २१.११ किलोमीटर आणि ऑलग्रिपला, म्हणजे त्यांच्या ऑल व्हील ड्राइव्हला, १९.३८. म्हणजे साधारण आठ टक्के. हा फरक कुठल्या मोडचा नाही. पुढच्या गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (ताकद वाटून वळणावर चाकांना कमी-जास्त फिरू देणारे गिअर) जाणारा दांडा, ते डिफरन्शियल, मागचे ॲक्सल, या सगळ्या लोखंडाचं वजन आणि त्याला फिरवायची ताकद यांचा तो फरक. तुमच्या प्रकारच्या गाडीत दांडा ऑटोमध्येही फिरतच असतो. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी कपलिंग असतं, ते आवळलं की मागच्या चाकांना ताकद मिळते, ढिलं असलं की गाडी जवळपास पुढच्या चाकांवरच चालते. कोरड्या डांबरीवर ऑटोमध्ये ते बहुतेक वेळ ढिलंच. तेव्हा ऑटोला घाबरू नका, आठ टक्के तुम्ही शोरूममध्येच देऊन आलात.

आता लॉक. त्यात कपलिंग आवळून धरलेलं असतं. सरळ चिखलात काही हरकत नाही. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा मारतात, आणि जमीन कोरडी असेल तर हा फरक टायर घासून आणि कपलिंग तापवून भरून काढावा लागतो. पेट्रोल जातं ते यात. वेग वाढला की यातल्या बऱ्याच गाड्या आपणहून लॉकमधून बाहेर येतात, म्हणून भावाला हायवेवर काही जाणवत नसेल. गावातल्या सिमेंट रस्त्यावर मात्र तो विनाकारण लॉक लावून हिंडतोय. चिखल संपला की नॉब ऑटोवर, एवढं त्याला पाठ करायला लावा.

तरीही १३ चं १० एकट्या लॉकनं होत नाही. ते होतं काळ्या मातीनं.

बालाघाटी

गिअरबॉक्स यांना पूर्ण दुजोरा. आमचा भाग केजच्या बाजूचा, माती तीच.

मऊ जमिनीत चाक स्वतःपुढं खड्डा करत जातं आणि सतत त्यातून वर चढत राहतं. सपाट रानातही गाडीला कायम चढ लागलेला. त्यात पहिला-दुसरा गिअर. वरून आपली माती चिकट: टायरची नक्षी भरते, मडगार्डच्या आत लेप बसतो, रिमच्या आतल्या अंगाला गोळे धरतात. खुरप्यानं काढून बघा एकदा, एका चाकाखालून घमेलंभर निघते. ती तशीच घेऊन डांबरीला लागलात तर स्टेअरिंग थरथरतं, लोक अलाइनमेंटला धावतात. अलाइनमेंट चांगली असते, चाकात माती असते.

आणखी एक, कुणी लक्षात घेत नाही. गाडी अंतर मोजते ते चाकाच्या फेऱ्यांवरून. चिखलात चाक जागेवर गरगरलं तरी ते किलोमीटरमध्ये धरलं जातं. म्हणजे स्क्रीनवरचा १० चा आकडासुद्धा थोडा गोड आहे, खरं त्याहून कमी असणार. या बाबतीत लॉकची उलट मदत होते, कारण चाकं गरगरणं कमी होतं. म्हणून भावाचं अगदीच चूक नाही. भर चिखलात ऑटोमध्ये पुढची चाकं आधी घसरणार, मग कपलिंग आवळणार. तिथं लॉक आधीच लावलेलं बरं. आणि नक्षी पूर्ण भरली की चारही चाकं मिळून घसरतात, तेव्हा नॉब सोडा आणि ट्रॅक्टर बोलवा.

शेत गावापासून किती लांब?

शिवारवाला

सहाएक किलोमीटर. त्यातली दोन पांदण. सकाळी जाणं, संध्याकाळी येणं. मधे आखाड्यावर आबा गाडीत एसी लावून बसतात, ते लिहायचं राहिलं.

गिअरबॉक्स

घ्या. राहिलेलं उत्तर इथंच आहे. सहा किलोमीटरमध्ये इंजिन नीट गरम होत नाही, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त घेतं. त्यावर उभ्या गाडीत एसी. दीड लिटरचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी तासाला अर्धा ते एक लिटर जातं, अंतर शून्य. आबांना काही बोलू नका, पण ॲव्हरेज काढताना तो तास लक्षात असू द्या.

टायरचं मला जास्त खटकलं. पुढं नवीन, मागं झिजलेले. झिजलेल्या टायरचा घेर कमी, म्हणून सरळ रस्त्यावरही मागची चाकं पुढच्यांपेक्षा जरा जास्त फेरे मारतात. कपलिंगला ते वळणासारखं, नाहीतर घसरण्यासारखं वाटतं. पेट्रोलचं नुकसान किरकोळ, पण लॉकमध्ये असे टायर फार दिवस चालवले तर कपलिंगचा खर्च टायरच्या कितीतरी पट येईल. ऑल व्हील ड्राइव्हला चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि जवळपास सारखेच झिजलेले हवेत. किती फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये बघा.

कॅरिअर रिकामं असेल तर उतरवा. पांदणीवर त्याचं काही नाही, पण संभाजीनगरच्या रस्त्यावर नक्की जाणवेल.

परभणीकर

हायवेचं विचारतो. समृद्धीवर जालन्यातून चढून नागपूरला जाताना १२० नं नेली की माझं ॲव्हरेज गावातल्याएवढं येतं. माझी तर साधी टू व्हील ड्राइव्ह आहे.

गिअरबॉक्स

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. १०० चे १२० केले की तो ४४ टक्क्यांनी वाढला. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे, सक्ती नाही. ९५-१०० वर पाचव्या गिअरात धरून बघा, कुठल्याही मोडच्या नॉबपेक्षा जास्त फरक पडेल. कंपनीचे आकडे काढायची जी चाचणी आहे तिच्यात कमाल वेग ९० आणि एसी बंद. आपण १२० आणि एसी चालू.

मांजरसुंब्याचा घाट बीडकडे उतरताना न्यूट्रल करत असाल तर करू नका. गिअरात ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनात पेट्रोल सोडणं बंद होतं, न्यूट्रलला इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच. आणि ब्रेक वाचतात ते वेगळे.

बालाघाटी

भावाच्या डिझेलबद्दल कुणी बोललं नाही. लिव्हरवाल्या गाडीत २एच म्हणजे फक्त मागची चाकं, आणि रोजचं चालवणं त्यातच. ४एच लावलं की पुढचा-मागचा दांडा एकमेकांना घट्ट बांधला जातो, मधे डिफरन्शियल नाही. म्हणून कोरड्या डांबरीवर ४एच लावायचंच नाही. वळताना गाडी अडखळते, टायर किंचाळतात, पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. ४एल म्हणजे तेच, पण संथ गिअरात; त्यात त्याच वेगाला इंजिन दुप्पट-अडीचपट फिरतं, तिथं ॲव्हरेजचा विषयच काढू नये. ते फसलेली गाडी काढायला, नाहीतर भरली ट्रॉली चिखलातून ओढायला. आणि अशी गाडी वजनदार, समोरून चौकोनी. डिझेल असूनही हायवेला तुमच्या पेट्रोलच्या फार पुढं जाईल असं समजू नका. रोजचा चिखल असेल तरच घ्यावी. दोन किलोमीटर पांदणीसाठी मी घेणार नाही.

शिवारवाला

सगळ्यांचे आभार. भावाला धागा दाखवला. 'भर चिखलात लॉक बरं' एवढंच त्यानं मोठ्यानं वाचलं. मागचे दोन टायर त्याच कंपनीचे सांगून ठेवलेत, कॅरिअर आज उतरवतो. डिझेलचं सध्या पुढं ढकललं.

स्क्रीनवर विश्वास नको म्हणता, तर आता टाकी फुल ते टाकी फुल काढतो. फक्त एक सांगा, चिखलासाठी हवा कमी करावी का? गावात सगळे तेच सांगतात.

बालाघाटी

फसलात तर थोडी कमी करा, निघालात की परत भरा. गाडीत पंप ठेवायची तयारी नसेल तर हातच लावू नका. कमी हवेवर डांबरीला पळवली की टायर तापतो, कडा झिजतात, पेट्रोलही जास्त जातं. दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा धरा, सकाळी टायर गार असताना मोजा. आणि टाकी एकाच पंपावर, पहिल्या कटला, म्हणजे नळी आपणहून बंद पडली की, थांबवून भरा, वरून ठोकून भरलेलं मोजणीत धरू नका.