टेंबलाईच्या डोंगराचे तुमचे अनुभव सांगा

आषाढातलं नवं पाणी असो नाहीतर ललितापंचमीचा कोहळा, टेंबलाई देवीबद्दल प्रत्येक कोल्हापूरकराकडं एक तरी आठवण असतेच. मोकळेपणानं लिहा. सुरुवात मीच करते.

पंचगंगेला नवं पाणी आलं की आषाढात मंगळवारी नाहीतर शुक्रवारी आमच्या गल्लीची यात्रा निघायची. मी दहा वर्षांची असताना पहिल्यांदा माझ्या डोक्यावर कळशी दिली, वर कडुलिंबाचा डहाळा, पुढं पिपाणी-ढोलाचं पी ढबाक वाजतंय, छातीत घुमतंय नुसतं, मान भरून आलेली पण आईनं बजावलेलं की कळशी मधी कुठं टेकवायची नाही. डोंगरावर पोचून पायऱ्यांवर पाणी ओतलं, ते गढूळ लालसर पाणी माझ्याच पायांवरनं खाली गेलं, तो गारवा अजून आठवतोय. घरी आल्यावर वाट्याच्या मटणाचा रस्सा.

*

ललितापंचमीला कुमारिकेच्या हातनं त्रिशूळानं कोहळा फोडतात, कोल्हासुराच्या वधाची आठवण म्हणून. फोड घरात आणली की भरभराट होते म्हणतात, त्यामुळं जी झुंबड उडते ती बघवत नाही ओ. एका वर्षी माझ्या पोराचा हात मुरगळला त्या चेंगराचेंगरीत. तेव्हापासून आम्ही लांबनंच हात जोडतो. श्रद्धा माझीपण आहे, पण बायकापोरांना तुडवून मिळालेली फोड देवीला आवडत असेल असं मला वाटत नाही.

*

आज्जी सांगायची, राक्षसाच्या तावडीतनं देवांना सोडवलं टेंबलाईनं आणि विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसली, शहराकडं पाठ करून डोंगरावर बसली, मग अंबाबाई स्वतः सगळा लवाजमा घेऊन समजूत काढायला गेली, म्हणून दर पंचमीला पालखी जाते. माझ्या लग्नाची पत्रिका थोरल्या आत्याला द्यायला कुणी गेलंच नाही, पोस्टानं पाठवली, आत्या लग्नाला आली नाही आणि तीन वर्षं बोलणं बंद. एका पंचमीला वाटेवरच्या टाकाळ्याला पालखी बघितली आणि बाबा म्हणाले, अंबाबाई जाते तर मी कोण लागून गेलो. तिथनं थेट कसबा बावड्याला आत्याच्या दारात. आत्यानं दार उघडलं, आमच्याकडं बघितलं आणि पाठ फिरवून आत गेली. बाबा उंबऱ्याबाहेरच उभे. थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या घेऊन आली, म्हणाली, पाय धू आधी.