मदत हवी आहे : सीएसएस शिकायला सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याजवळच्या एका गावातून लिहितेय. आमच्या भजनी मंडळासाठी साधी वेबसाइट करायची आहे : सप्ताहाचं वेळापत्रक, थोडे फोटो आणि अभंगांचे शब्द. एचटीएमएल (पानाचा मजकूर लिहायची भाषा) जमतं, सीएसएस (त्याचं रूप आणि मांडणी ठरवणारी भाषा) मात्र नवीन आहे. सिलेक्टर (पानाच्या कोणत्या भागाला रूप द्यायचं ते सांगणारा), रंग आणि बॉक्स मॉडेल, म्हणजे पॅडिंग, बॉर्डर, मार्जिन एवढं समजलं. पुढे गोंधळ होतो.

मांडणीच्या दोन पद्धतींपैकी आधी फ्लेक्सबॉक्स शिकू की ग्रिड? मेन्यूसारख्या एका ओळीला फ्लेक्सबॉक्स आणि आडव्या-उभ्या दोन्ही मांडणीला ग्रिड, असं वाचलं. वेळापत्रक मात्र मी टेबलमध्येच ठेवणार, तो तक्ताच आहे. जुन्या धड्यांत सगळी मांडणी फ्लोटवर (घटक डावी-उजवीकडे सरकवायची जुनी पद्धत) असते. ग्रिड २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालते, तर ते धडे सोडून दिले तर चालेल ना?

खरी अडचण देवनागरीची. लाइन-हाइट (ओळीची उंची) कमी ठेवली की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांना भिडतात, आणि लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेषा तुटते. इंग्रजी धड्यांत याबद्दल काहीच सापडत नाही. मराठी मजकुरासाठी तुम्ही लाइन-हाइट किती ठेवता? मी १.७ वर आहे. अभंग वाचताना डोळ्यांना त्रास होऊ नये, एवढं मला फार वाटतं; मंडळातले बरेच जण वयस्कर आहेत आणि मोबाइलवरच वाचतात.

बूटस्ट्रॅप (तयार सीएसएसचा संच) मला सध्या नको, पाया पक्का करायचा आहे. मराठीतून समजावणारं काही माहीत असेल तर जरूर सांगा.