मुंबईत एकच रात्र आहे, कुठे घालवावी? (जळगावहून पाच जण)

मेहरूणकाठ
मंडळी मदत करा. मित्राचं लग्न ठरलंय, त्याआधी आम्ही पाच जण जळगावहून मुंबईला चाललोय, शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरणार, रविवारी दुपारची परतीची गाडी. आमच्यात मुंबईत राहिलेलं कोणीच नाही. इन्स्टावर बांद्रा, लोअर परळ, अंधेरी, कुलाबा सगळंच भारी दिसतं. दोघं पीत नाहीत, एक शाकाहारी, आणि नवरदेवाचा मावसभाऊ फक्त २३ चा. नवरदेवाला थोडं नाचायचंय पण त्याहून जास्त समुद्राकाठी बसायचंय, रात्रीचा समुद्र त्याने आजवर बघितलेलाच नाही. बजेट माणशी तीन हजार, रूम वेगळी.

भुसावळ_टू_दादर
काय भो, लगीन करी राह्यना का गडी! अभिनंदन सांग त्याला.
आता ऐक, क्लब नंतर बघा, आधी एरिया ठरवा आणि रूम त्याच एरियात घ्या. लोकल रात्री एकच्या सुमारास बंद होतात त्या पहाटे चारच्या आसपास सुरू होतात, आणि बार बंद व्हायची वेळ दीडची, म्हणजे दीडला सगळं पब्लिक एकदम रस्त्यावर येतं आणि कॅबचे भाव चढतात. मी पहिल्या वर्षी रूम ठाण्याला आणि पार्टी लोअर परळला असा घोळ केला होता, निम्मी रात्र फुटपाथवर गेली.
दुसरं म्हणजे स्टॅग एन्ट्री. नुसत्या पोरांच्या ग्रुपला बऱ्याच ठिकाणी दारावरूनच परत पाठवतात नाहीतर तगडं कव्हर, म्हणजे आत जायचे पैसे, सांगतात. आम्ही चौघं एका ठिकाणी पाऊण तास उभे होतो आणि शेवटी वडापाव खाऊन घरी आलो, फार वाईट वाटलं होतं. म्हणून दुपारीच फोन करून विचारा, पाच मुलं चालतील का, कव्हर किती, आणि ते खाण्यापिण्यात वळतं होतं का.
मावसभावाला बिअर चालेल, ती २१ ला चालते, हार्ड मात्र २५ शिवाय नाही. आधार सोबत ठेवा.
माझं मत कुलाबा. लिओपोल्ड कॅफे १८७१ पासूनचं आहे, २६/११ च्या गोळ्यांच्या खुणा अजून भिंतीवर आहेत. जवळच माँडेगार कॅफे, तिथे भिंतभर मारिओ मिरांडांची चित्रं, न पिणाऱ्यालाही तिथे बसायला मजा येते. तिथून चालत गेटवे, आणि मग मरीन ड्राईव्ह. नवरदेवाला कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसवा आणि जरा वेळ कोणी बोलू नका.

साक्री_रोड
कुलाब्याला सहमत, पण नाचायचं असेल तर लोअर परळच, गिरण्यांच्या जागेत एकाला लागून एक ठिकाणं आहेत. फक्त वरच्या मजल्यावर गेलात की आधी बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे ते बघा. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, तेव्हापासून मी जिना बघितल्याशिवाय बसत नाही.
आणि भाऊ, दोघं पीत नाहीत, एक शाकाहारी, मग इंदूरचा विचार केला का? सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात, भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू (तळलेला कंद), ताटाएवढा जलेबा, सगळं शाकाहारी. मध्यरात्री अख्खी कुटुंबं पोरंबाळं घेऊन फिरत असतात. आमच्या धुळ्याहून सरळ आग्रा रोडने जाता येतं.

चोपड्याची_लेक
इंदूर मस्तच, पण समुद्र कुठून आणणार? नवरदेवाची इच्छा ती आहे ना. मी नोकरीला मुंबईत असताना मैत्रिणींसोबत मरीन ड्राईव्हला रात्री बाराला बसायचे, चहावाला सायकलवर येतो, कागदी कपात कटिंग, कधी भीती नाही वाटली. पैसा तिथे लागतच नाही. दोन तास नाचा, बाकी रात्र तिथे.

मेहरूणकाठ
ठरलं मंडळी, कुलाबा आणि मग समुद्र. सराफा लग्नानंतर, वहिनींना घेऊन. एकच राहिलं, सकाळी रूम लवकर नाही मिळाली तर सीएसएमटीला बॅगा ठेवायला सोय आहे का?

भुसावळ_टू_दादर
क्लोक रूम आहे, पण प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत. जळगावहूनच घेऊन निघा.