प्रतिसाद: म्हाताऱ्या कलाकारांनी थांबावं का?

वर एका भाऊंनी लिहिलंय की वय झालेल्या कलाकारांनी आता स्टेजवर येऊच नये, पण भो, मी जळगावहून रात्रभर ट्रेननं पुण्याला गेलो होतो, डब्यात कळण्याची भाकरी न ठेचा, फक्त सवाई गंधर्व संगीत महोत्सवात हरिजींची, म्हणजे पंडित हरिप्रसाद चौरसियांची बासरी ऐकायला. १९३८ चा जन्म त्यांचा! दोघांनी धरून आणलं, हात थरथरत होते, फुंक मधेच तुटायची, शिष्य सांभाळून घ्यायचे, पण एक सूर असा लागला ना की बाजूचे काका चक्क रडायला लागले (मीपण, खोटं कशाला बोलू). गुरू अन्नपूर्णादेवींकडे शिकताना ज्या माणसानं उजव्या हाताची सवय मोडून डावीकडून वाजवणं पहिल्यापासून सुरू केलं त्याला थांब म्हणणारे आपण कोण?