निरोपाची बाटली : 'देशपांडे निरोप' ग्रुप

जोशीकाका बी-२०१ : नमस्कार. देशपांडेसाहेबांना व्हिस्की द्यायची ठरल्याचं लिफ्टमध्ये कळलं. कोणी ठरवलं? कार्यक्रम २ ऑक्टोबरला. गांधीजयंतीला स्टेजवर, मुलाबाळांसमोर दारूची बाटली देणार? आणि सोसायटीच्या खात्यातून यासाठी एक रुपयाही जाता कामा नये.

मोहिते ए-७०१ : काका, खात्याचा संबंधच नाही. आम्ही सातजण वर्गणी काढतोय, ज्याला द्यायची त्याने द्यावी. स्टेजवर शाल-श्रीफळच.

पाटील ए-१०३ : लिफ्टचा विषय निघालाच आहे तर ए विंगचा दरवाजा अजून अडकतो.

सावंत सी-३०४ : शनिवारी गोव्याला निघतोय. इथल्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. दोन घेऊन येतो 👍

नीलम सी-५०१ : सावंत, कृपा करून आणू नका. परवान्याशिवाय गोव्याची बाटली महाराष्ट्रात आणणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. गोव्याच्या सीमेजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात. विमानानेही तेच. चेक-इन बॅगेत ५ लिटरपर्यंत चालते हा विमान कंपनीचा नियम, त्याने राज्याचा कायदा माफ होत नाही.

सावंत सी-३०४ : ताई, सगळेच आणतात हो.

नीलम सी-५०१ : आणत असतील. पण बाटलीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' छापलेलं असतं आणि ती राहणार साहेबांच्या कपाटात. निवृत्त सरकारी माणसाला आपण असली भेट द्यायची का?

जोशीकाका बी-२०१ : पुन्हा लिहितो. सोसायटीच्या खात्यातून एक रुपयाही नको.

मीनाताई बी-६०२ : ते घेतात का, कशी घेतात, हे कोणी विचारलंय का? मी आत्ता वहिनींना फोन केला. घेतात. जेवणाआधी एक लार्ज, भरपूर बर्फ आणि सोडा. धुरकट वास अजिबात चालत नाही, म्हणाल्या.

नीलम सी-५०१ : मीनाताई, सगळ्यात कामाची माहिती हीच. म्हणजे लॅफ्रॉइग, लागाव्हुलिन, आर्डबेग बाद. या स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या सातूच्या व्हिस्की. त्यांचं सातू पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर वाळवतात, तो औषधासारखा वास सोड्यातही लपत नाही. बेंगळुरूची अमृत फ्यूजन उत्तम आहे, पण तिच्यात आपल्या सातूबरोबर स्कॉटलंडचं पीटवालं सातू असतं. तीही नको.

कुलकर्णी ए-९०२ : द्यायचीच तर १८ वर्षांची स्कॉच द्या. १२ वर्षांची काय द्यायची, शोभत नाही. पुतण्या पुढच्या आठवड्यात दुबईहून येतोय, ड्यूटी-फ्रीतून आणेल.

मोहिते ए-७०१ : कुलकर्णी, बजेट ७ हजार आहे. वरचे तुम्ही भरणार का?

कुलकर्णी ए-९०२ : मी फक्त सुचवलं. पार्किंगचे पैसे थकवणाऱ्यांनी मला हिशोब शिकवू नये.

मीनाताई बी-६०२ : अहो, पार्किंग दुसऱ्या ग्रुपवर 🙏

नीलम सी-५०१ : ड्यूटी-फ्री चालेल. माणशी २ लिटरपर्यंत, बिल जपून ठेवायचं. पण १८ वर्षांचे पैसे जातात लाकडातून आलेल्या बारीक चवींवर, आणि तिप्पट सोड्यात त्या बुडून जातात. शिवाय लेबलवरचा आकडा म्हणजे बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, बेंगळुरूच्या हवेत १० ते १२. इथे माल्ट लवकर तयार होतो, म्हणून आपल्या बहुतेक माल्टवर वय नसतं. त्यावरून हलकी समजू नका.

माझं मत पॉल जॉन ब्रिलियन्स. पीट नाही, मधाळ आहे आणि अल्कोहोल ४६ टक्के असल्यामुळे बर्फ-सोड्यात पाणचट होत नाही. बनते गोव्यात, कुंकळ्ळीला, पण महाराष्ट्रात विक्रीला आलेलीच बाटली घ्यायची. सील आणि उत्पादन शुल्काचं लेबल दुकानातच पाहून घ्या. झाकण सैल वाटलं तर परत द्या.

सावंत सी-३०४ : बरं बाई, नाही आणत. मग सोबत ते गार करायचे दगड देऊ?

नीलम सी-५०१ : दगड नकोत. बर्फ गार करतो तो वितळताना उष्णता शोषून. दगड वितळत नाही, त्यामुळे थोडाच गारवा देतो. ग्लेनकेर्न ग्लासही नको, तो नुसती किंवा चार थेंब पाण्याबरोबर हुंगत प्यायचा. साहेबांसाठी उंच, सरळ ग्लासांची जोडी घ्या. ग्लास काठोकाठ मोठ्या बर्फाने भरायचा, ६० मिली ओतून ढवळायचं, वितळलेलं पाणी झालं तर बर्फाने परत भरायचं. मग फ्रिजमधला सोडा, १८० मिली, कडेने हळू. शेवटी चमचा एकदाच खालून वर. जास्त ढवळलं की गॅस जातो. कोमट सोडा आणि चुरा बर्फ, मोठा घोटाळा इथेच होतो.

पाटील ए-१०३ : लिफ्टच्या दरवाज्याचं कोणी बघणार आहे का?

कुलकर्णी ए-९०२ : बाटली शोकेसमध्ये आडवी छान दिसते, तसा लाकडी स्टँडही मिळतो.

नीलम सी-५०१ : आडवी वाइन ठेवतात. व्हिस्कीचं अल्कोहोल बुचाला खातं, बूच भुसभुशीत होऊन उघडताना तुटतं. उभी, उन्हापासून लांब. बूच तुटलंच तर कॉफीच्या फिल्टरमधून गाळायची, फेकायची नाही. आणि बाटलीत व्हिस्की मुरत नाही, 'दहा वर्षं ठेवा' असं सांगू नका. उघडून तळाशी तिसरा हिस्सा उरला की दोन-तीन महिन्यांत संपवावी, हवेने चव उतरते.

जोशीकाका बी-२०१ : बाटली २ तारखेला सोसायटीच्या आवारात दिसता कामा नये. आणि खात्यातून एक रुपयाही नको.

मोहिते ए-७०१ : मान्य काका. २ ला ड्राय डे, दुकानंही बंद. ३० ला घेऊन ठेवतो, ३ ला संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन देऊ. ऋषीला दुकानात पाठवू का?

नीलम सी-५०१ : ऋषी २३ चा ना? महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी २५ पूर्ण लागतात. तुम्हीच जा. दारूचं परमिट नसेल तर दुकानातच एक दिवसाचं मागून घ्या.

मोहिते ए-७०१ : ठीक, मी जातो. वर्गणी प्रत्येकी १०००, माझ्याकडेच पाठवा. सावंत, तुमचे राहिलेत.

पाटील ए-१०३ : माझे पाठवले. आता लिफ्ट.