एकच विषय राहिला, पण एक सावरली आणि एक खचली. असं का होतं?

चंदगडची पोर
मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करते, राजारामपुरीत खोली घेऊन राहते. गेल्या सत्रात माझ्या रूममेटचा आणि वर्गातल्या आणखी एकीचा एकच विषय राहिला. ती दुसरी दोन-तीन दिवस रडली आणि परत ग्रंथालयात येऊन बसली. रूममेट मात्र मेसला येत नाही, घरचा फोन उचलत नाही. खरं तर अभ्यासात हीच हुशार. वडिलांनी कर्ज काढून फी भरलीय. पोरी म्हणतात, हिच्यात जिद्द नाही. मला ते पटत नाही. हे सगळं स्वभावावरच असतं का?

निवृत्त प्राध्यापिका, मानसशास्त्र
बाळ, तुला पटत नाही ते बरोबरच आहे. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली मार्गी लागली. स्वभावाचा वाटा होताच. पण त्यांना आजी, शिक्षक, शेजारी असं कुणीतरी हक्काचं माणूसही लाभलेलं होतं.

तुझ्या मैत्रिणीचा नुसता पेपर गेलेला नाही. वडिलांचं कर्ज डोळ्यांसमोर असल्यामुळे ‘विषय राहिला’ याचा अर्थ तिच्या मनात ‘मी वाया गेले’ असा होत असणार. त्यात घरातली ती पहिलीच शिकणारी असेल, तर पुन्हा परीक्षा देता येते, हे सांगणारंही घरी कुणी नाही. लाजेनं माणूस तोंड लपवतो आणि आधार देणारी माणसंच तुटतात. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. त्यातून खेड्यातल्या पोरांना राहायला जागा मिळाली, सोबतही मिळाली. ती सोबत मला फार मोलाची वाटते.

कमवा व शिका
मी ‘कमवा व शिका’ योजनेतून, म्हणजे काम करत करत शिकलो. कामावरचे एक काका रोज विचारायचे, "जेवलास काय रं?" माझाही विषय राहिला तेव्हा घरच्यांच्या आधी त्यांनाच सांगितलं. तू तिला उपदेश करू नको. ताट वाढून खोलीवर ने आणि शेजारी बसून जेव.

चंदगडची पोर
आजच नेते. तिच्या भावाला तिला न विचारता फोन करू का?

निवृत्त प्राध्यापिका, मानसशास्त्र
आधी तिला विचार, शक्यतो तिच्यासमोरच फोन लाव. पण जगणं नको झालंय असं काही बोलली, तर परवानगीची वाट बघू नकोस. तिला एकटं सोडू नकोस, भावाला लगेच कळव आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. तिथं चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलता येतं.