मूळ फाइल कोणती हे ओळखताना

फोनमधला फोटो संपादनासाठी संगणकावर नेण्याचे दोन मार्ग सुचवले जातात: चॅटवरून स्वतःलाच पाठवणे किंवा केबल वापरणे. त्यातील चॅटचा मार्ग मूळ फाइल हवी असेल तर उपयोगाचा नाही. तेथे फोटो सहसा दाबून लहान केला जातो आणि लेन्स, एक्सपोजर वगैरे एक्झिफ माहितीही (फोटो कसा काढला याची फाइलमध्येच साठवलेली नोंद) गळते. केबल वापरण्याची सूचना योग्य आहे. मात्र आयफोनवर, जेथे आयओएस ११ पासून (२०१७) एचईआयसी हे कमी जागा घेणारे फोटो-फाइलचे स्वरूप आले, फोटोंच्या सेटिंगमध्ये ‘कीप ओरिजिनल्स’ निवडले नसेल, तर केबलने नेतानाही त्या फाइलचे जेपेग या जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात रूपांतर होऊ शकते.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आयफोनमध्येच फोटो कातरला किंवा उजळला असेल, तर मूळ फाइलला धक्का लागत नाही. बदल वेगळ्या एएई फाइलमध्ये नोंदले जातात, जी इतर संपादन अॅपच्या सहसा कामाची नसते. विंडोज संगणकावर फोल्डर उघडल्यास ‘आयएमजी_१२३४’ आणि ‘आयएमजी_ई१२३४’ अशी जोडी दिसते. त्यातील ‘ई’ असलेली फाइल बदललेली असते, त्यामुळे संपादनासाठी ‘ई’ नसलेलीच उचलावी. मॅकवरील फोटोज अॅपमध्ये यासाठी ‘एक्स्पोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल’ हा स्वतंत्र पर्याय आहे, जो मेनूत जरा आडबाजूलाच ठेवलेला आहे.